सांधेदुखीवरचे विजया तेल: पुरावा कोणी द्यायचा?

भांगेच्या पानांच्या अर्कापासून बनवलेली तेले, मलमे आणि गोळ्या आता 'विजया' या आयुर्वेदिक नावाने सांधेदुखीसाठी उघडपणे विकल्या जातात, आणि त्यांच्यावरून घातला जाणारा वाद बहुतेक वेळा मूळ प्रश्नाला स्पर्शही न करता संपतो. एका बाजूचे लोक म्हणतात की ही नशेची वनस्पती आहे, तिला औषधाच्या दुकानात शिरू दिले की उद्या घराघरांत गांजा येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की ही आपल्या पूर्वजांची देणगी आहे, परकीयांच्या दबावाखाली आपण ती गमावली आणि आता ती परत मिळवण्याची वेळ आली आहे. या दोन्ही बाजूंच्या बोलण्यात गुडघा कुठेच येत नाही. कठड्याला धरून एकेक पायरी उतरणाऱ्या माणसाला एवढेच जाणून घ्यायचे असते की ही बाटली घेतली तर आपले दुखणे कमी होईल का, किती कमी होईल, आणि त्याची किंमत शरीराला दुसरीकडे कुठे मोजावी लागेल का. माझे म्हणणे असे की या उत्पादनांवर सरसकट बंदी घालणे चुकीचे आहे, आणि प्राचीनतेच्या आधारावर त्यांना पुराव्यातून सूट देणे त्याहून अधिक चुकीचे आहे. सांधेदुखीवर गुण येतो असे जो म्हणेल, त्याने ते त्याच उत्पादनाची चाचणी करून दाखवावे आणि बाटलीत नेमके काय व किती आहे ते तिच्यावर छापावे.

कायद्याची स्थिती आधी समजून घ्यायला हवी, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला धरून झालेला आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, या झाडाच्या राळेवर म्हणजे चरसावर आणि फुलोऱ्याच्या शेंड्यांवर म्हणजे गांजावर निर्बंध घालतो. शेंड्यांपासून वेगळी काढलेली पाने आणि बी गांजाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. औषधांच्या नियमावलीत भांग अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत, वत्सनाभ, धोतरा आणि कुचला यांच्या पंक्तीला बसते, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक असते. ग्रंथोक्त घटक वापरून नव्या धाटणीचे औषध बनवायचे असेल, तर 'पेटंट ऑर प्रोप्रायटरी' आयुर्वेदिक औषध म्हणून राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवानगी मिळते, आणि त्यासाठी मागितला जाणारा पुरावा आधुनिक वैद्यकातल्या नव्या औषधाकडून मागितल्या जाणाऱ्या पुराव्याच्या तुलनेत फारच थोडा असतो. विजयेची नवी तेले आणि गोळ्या याच दाराने बाजारात येतात. हे दार कायदेशीर आहे याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु परवाना मिळणे म्हणजे गुण सिद्ध होणे, असा जो समज विक्रेते पसरू देतात आणि ग्राहक करून घेतात, तो निराधार आहे.

या उत्पादनांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा आधी मान्य करतो. सांधेदुखी हा थोड्याथोडक्यांचा आजार नाही आणि तिच्यावरचे आजचे उपाय समाधानकारक नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या घरोघरच्या सर्वेक्षणात सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली होती. यातल्या बहुसंख्य लोकांच्या हाती काय पडते? डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, ज्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठरात व्रण करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि हृदयविकाराचा धोका वाढवतात. सत्तरीच्या माणसाला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, मूत्रपिंड आधीच थकलेले असते; त्याला डॉक्टर ही गोळी नाइलाजाने लिहून देतात आणि तोही ती नाइलाजानेच गिळतो. अशा माणसाने दुसरे काहीतरी शोधावे, यात त्याचा भोळेपणा नाही. व्हायॉक्सचे उदाहरणही या बाजूचे लोक देतात आणि ते योग्यच आहे. व्हायॉक्स या नावाने विकले गेलेले रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ मध्ये संधिवातासाठी मान्यता घेऊन आले, जगभर प्रचंड खपले आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून २००४ मध्ये मागे घ्यावे लागले. ज्या व्यवस्थेने हे औषध मान्य केले, तिने आम्हाला पुराव्याचे धडे का द्यावेत, असा प्रश्न विचारला जातो.

पण व्हायॉक्सचा धोका कळला कसा, हे या युक्तिवादात कुणी सांगत नाही. वयस्क माणसाला हृदयविकाराचा झटका येणे इतके सामान्य आहे की तो औषधामुळे आला असे कुठल्याही एका डॉक्टरच्या, वैद्याच्या किंवा नातेवाइकाच्या ध्यानात येणे अशक्य होते. २००० साली आठ हजारांहून अधिक आमवाताच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णांवरील चाचणीत पहिली शंका आली, तेव्हा कंपनीने त्या आकड्यांचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. पुढे आतड्यातील गाठींसंबंधीच्या एका चाचणीत निम्म्या लोकांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिलेली होती, तिथे दोन गटांतला फरक झाकता येण्यापलीकडे गेला. म्हणजे व्हायॉक्सला बाजारातून बाहेर काढले ते तुलनात्मक चाचणीनेच. ज्या उत्पादनाची अशी चाचणीच झालेली नाही, त्याचे दुष्परिणाम नाहीत असे म्हणता येत नाही. ते मोजलेले नाहीत एवढेच म्हणता येते.

मग या वनस्पतीतील द्रव्यांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्या काय सांगतात? तिच्यातली दोन द्रव्ये महत्त्वाची आहेत: टीएचसी, ज्याने नशा येते, आणि सीबीडी, ज्याने येत नाही आणि ज्याच्या नावावर आजची बरीचशी विक्री चालते. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये आमवाताच्या ५८ रुग्णांवर, ही दोन्ही द्रव्ये असलेला तोंडात मारायचा फवारा ५ आठवडे वापरून पाहिला गेला. हालचाल करताना आणि स्वस्थ असताना होणारी वेदना थोडी कमी झाली, झोप सुधारली, पण सकाळच्या आखडलेपणात फरक पडला नाही. आशा वाटावी असा हा निष्कर्ष होता, पण फार लहान. नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी ती आशा टिकवली नाही. हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या १३६ रुग्णांना डेन्मार्कमध्ये १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी दिले गेले. २०२२ मध्ये छापलेल्या त्या अहवालानुसार निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत काहीही फरक आढळला नाही. मात्रा कमी पडली असेल, असे म्हणता आले असते. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नातील चाचणीत गुडघ्याची झीज झालेल्या ८६ रुग्णांना पॅरासिटामॉलच्या जोडीला रोज ६०० मिलिग्रॅम, म्हणजे डेन्मार्कच्या वीसपट वा त्याहून अधिक सीबीडी ८ आठवडे दिले गेले. वेदनेत जादा घट झाली नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढले. कातडीवर लावायच्या सीबीडी जेलची गुडघ्याच्या ३२० रुग्णांवर चाचणी झाली, तीही आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही.

याच्या उलट बाजूलाही एक नोंद आहे आणि ती मी लपवणार नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया येथे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज झालेल्या १८ जणांनी सीबीडीयुक्त लेप लावला, तेव्हा त्यांची वेदना साध्या लेपापेक्षा लक्षणीय कमी झाली. १८ हा आकडा निर्णय देण्याइतका मोठा नाही, पण ही गोष्ट शरीररचनेच्या दृष्टीने अगदीच अशक्य वाटत नाही. अंगठ्याच्या मुळाचा सांधा कातडीच्या लगेच खाली असतो, गुडघ्याचा पोकळीतला भाग मात्र जाड आवरणांच्या आत खोल असतो, त्यामुळे वरून लावलेले द्रव्य एका ठिकाणी पोहोचेल आणि दुसऱ्या ठिकाणी पोहोचणार नाही असे होऊ शकते. भाकरी थापताना, पिळा घालून कपडे निथळताना, बरणीचे झाकण फिरवताना ज्या बायकांच्या अंगठ्याच्या मुळाशी कळ उठते, त्यांच्यासाठी हा धागा पुढे न्यायला हवा. तो पुढे नेणे म्हणजे मोठी चाचणी करणे. त्या १८ जणांच्या आधारावर गुडघा, कंबर, मान आणि आमवात या सगळ्यांवर एकच बाटली विकणे, याला धागा पुढे नेणे म्हणत नाहीत.

बाटलीचे गणितही एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा, ३० मिलिलिटरच्या तेलाच्या बाटलीवर १००० मिलिग्रॅम अर्क असे लिहिले आहे. अर्काचे वजन म्हणजे सीबीडीचे वजन नव्हे. अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे वेगळे लिहिले नसेल तर ग्राहकाला काहीच कळलेले नाही. पण क्षणभर सगळा अर्क सीबीडीच आहे असे धरू. व्हिएन्नातल्या रुग्णांइतकी मात्रा घ्यायची तर ही बाटली दोन दिवसही पुरणार नाही, आणि ती मात्राही गुडघ्याला पुरी पडली नव्हती. रोज दहा-बारा थेंब जिभेखाली घेणाऱ्याला त्यातून किती मिलिग्रॅम मिळतात हे त्याने स्वतःच मोजावे. शिवाय पोटात गेलेल्या सीबीडीचा फार थोडा अंश रक्तात उतरतो आणि तो अंशही जेवणातल्या स्निग्धतेवर अवलंबून बराच कमी-जास्त होतो.

तरीही लोकांना बरे वाटते, त्याचे काय? त्यांना बरे वाटते हे खरे आहे आणि ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. झिजेचे दुखणे मुळातच चढ-उताराचे असते. माणूस नवा उपाय सुरू करतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर ते उतरते ते बऱ्याचदा आपल्या गतीने. त्यात महाग औषधाची अपेक्षा, तेल चोळण्याचा स्वतःचा आराम आणि थोडी चांगली झोप यांची भर पडते. २०२२ मध्ये या द्रव्यांच्या वेदनेवरील चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा निष्क्रिय औषध घेणाऱ्यांची वेदनाही लक्षणीय कमी झालेली आढळली, आणि निष्कर्ष काहीही असला तरी वृत्तमाध्यमांनी अशा चाचण्यांना उत्साहानेच प्रसिद्धी दिल्याचे दिसले. ज्याला नुसत्या तेलाच्या मालिशनेही एवढाच आराम मिळाला असता, त्याच्याकडून अर्काचे पैसे घेणे न्याय्य आहे का, हा माझा प्रश्न आहे.

परंपरेचा दाखला मी गंभीरपणे घेतो, म्हणूनच तो नीट वाचावा असे वाटते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात भांगेचे गुण सांगितले आहेत ते कफ हरण करणारी, ग्राही म्हणजे मळ बांधणारी, पाचक, हलकी, तीक्ष्ण, उष्ण, पित्त वाढवणारी आणि मोह, मद, वाचा व जठराग्नी वाढवणारी असे. शार्ङ्गधर या ग्रंथकाराने तिला अफूच्या जोडीने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून दिले आहे, म्हणजे पचण्याआधीच सर्व शरीरात पसरणारे द्रव्य. जातिफलादि चूर्णासारख्या ज्या प्रसिद्ध योगांत ती येते, त्यांचा रोख ग्रहणीसारख्या पोटाच्या विकारांवर आहे. संधिवातासाठी आपल्याकडे निर्गुंडी, रास्ना, गुग्गुळ, शल्लकी अशी मोठी परंपरा असताना भांग ही त्या परंपरेची मुख्य नायिका होती, असे ग्रंथांवरून दिसत नाही. शिवाय ग्रंथातली भांग शोधन केलेली असते, पाण्यात धुऊन तुपात परतून घेतलेली आणि चूर्णात इतर द्रव्यांसोबत ठरलेल्या प्रमाणात मिसळलेली. कारखान्यात विद्रावकाने ओढून काढलेला, सीबीडीने समृद्ध केलेला अर्क ही निराळी वस्तू आहे. ती चांगलीही असू शकेल, पण तिला हजार वर्षांच्या अनुभवाचा आधार आहे असे म्हणता येणार नाही, कारण ती हजार वर्षांपूर्वी नव्हती. ज्यांना आयुर्वेदाविषयी आस्था आहे, त्यांनी तर या वापराला सर्वांत आधी हरकत घ्यायला हवी.

या वनस्पतीची सांधेदुखीवर पद्धतशीर पारख करण्याचा पहिला प्रयत्न भारतातच झाला, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात घेण्यासारखी आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी यांनी १८३९ मध्ये आपले प्रयोग मांडले. त्यांनी अर्क आधी जनावरांना दिला, मग संधिवाताच्या रुग्णांना. एका रुग्णाला एक ग्रेन (सुमारे ६५ मिलिग्रॅम) राळ दुपारी दोनला दिली; चारला तो खूप बडबडत होता, गात होता, जास्तीचे जेवण मागत होता आणि आपण ठणठणीत बरे झाल्याचे सांगत होता; आठच्या सुमारास तो बेशुद्ध आढळला, आणि त्याचे हातपाय ज्या स्थितीत ठेवावेत त्याच स्थितीत राहत होते. तो सावरला, आणि ओ'शॉनेसींनी ही घटना न लपवता लिहून ठेवली. त्यांच्यामुळे ही वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकात गेली, अमेरिकेच्या औषधकोशात १८५० च्या आवृत्तीत आली आणि १९४२ मध्ये बाहेर पडली. बाहेर पडण्यामागे कर आणि कायदे होतेच, पण डॉक्टर त्याच्या कितीतरी आधीपासून तक्रार करत होते की एका बाटलीचा अर्क निरुपयोगी निघतो आणि दुसरीचा माणसाला भोवंडून टाकतो. हा दोष आजही संपलेला नाही. अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची २०१७ मध्ये तपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३१ टक्के बाटल्यांवरचा मजकूर आतल्या मालाशी जुळला, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. मोकळ्या रानातून गोळा केलेल्या पानांपासून अर्क काढला जात असेल, तर आपल्याकडे फरक याहून कमी असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र वेगळ्याच ठिकाणी होते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. गुडघ्याची झीज आणि आमवात हे दोन स्वतंत्र आजार आहेत. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते, आणि पहिल्या काही महिन्यांत मेथोट्रेक्झेटसारखी आजाराचा वेग रोखणारी औषधे सुरू झाली तर बोटे वाकडी होणे टाळता येते. ही संधी एकदा गेली की परत येत नाही. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नाही, बोटांचे सांधे सुजतात, अशा पस्तिशीच्या बाईने सहा महिने 'नैसर्गिक' तेलावर काढले आणि त्या तेलाने तिची कळ थोडी बोथट केली, तर हा आराम तिच्या विरोधात जातो, कारण आतली हाडे कुरतडली जातच असतात. जी मेथोट्रेक्झेट घेत आहे तिलाही प्रश्न आहे: त्या औषधासाठी यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात, आणि मोठ्या मात्रेत सीबीडीही यकृताची विकरे (एन्झाइम) वाढवते. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या शरीरात सीबीडी ती गोळी निकामी करणारी विकरे अडवते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्याकडे रुग्ण तेलाला औषध मानत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगत नाही. आणि डॉक्टर विचारत नाहीत.

एवढे सगळे असेल तर बंदीच का नको, असे पहिल्या बाजूचे लोक विचारतील. त्यांना १८९४ च्या भांग-गांजा आयोगाच्या अहवालाची आठवण करून देतो. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या या सात जणांच्या आयोगाने देशभरातल्या ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले, आणि गांजामुळे वेडेपण येते या समजाची शहानिशा करण्यासाठी वेड्यांच्या इस्पितळांतली कागदपत्रे एकेक करून तपासली. तेव्हा आढळले की अनेक रुग्णांच्या नावापुढे 'गांजा' हे कारण निव्वळ ऐकीव माहितीवर लिहून टाकलेले होते. संपूर्ण बंदी नको, असे त्यांनी ठरवले ते या तपासणीनंतर. भारतानेही २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात, ही वनस्पती सर्वांत कठोर यादीतून काढावी या प्रस्तावाच्या बाजूने मत दिले. तो २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. तिच्यातल्या द्रव्यांना औषधी मूल्य आहे हे सिद्धही झाले आहे: लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, ती रीतसर चाचण्यांच्या बळावर. बंदीने हा सगळा रस्ता बंद होईल आणि माल चोरट्या बाजारात जाईल, जिथे टीएचसी मोजणारे कुणीच नसेल.

वनस्पतीला पेटंट मिळत नाही, मग चाचणीचा खर्च कोण करणार, हा या उत्पादनांच्या समर्थकांचा शेवटचा आणि प्रामाणिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. नागपुरात शल्लकीच्या अर्काची गुडघ्याच्या ३० रुग्णांवर निष्क्रिय गोळीशी तुलना झाली आणि २००३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापली गेली. आकार लहान, पण पद्धत चोख. त्यानंतर केंद्र सरकारच्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या योजनेतून, डॉ. चोप्रा यांच्या पुढाकाराने, आयुर्वेदिक योगांची ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी ४४० रुग्णांवर २४ आठवडे तुलना झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात आयुर्वेदिक औषधे बरोबरीची ठरली. त्याच अहवालात काही रुग्णांत एसजीपीटी हे यकृतावरचा ताण दाखवणारे विकर वाढल्याचेही स्वच्छ लिहिले होते. आयुर्वेदाची ताकद आणि त्याची जोखीम एकाच चाचणीत, एकाच पानावर दिसली, आणि दोन्ही माणसाच्या उपयोगाच्या होत्या. शल्लकीला जे जमले ते विजयेला का जमू नये?

तेव्हा करायच्या गोष्टी अवघड नाहीत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत संधिवात आहे, म्हणजे त्यावर उपचार करण्याचा दावा लोकांसमोर जाहिरातीतून करणे आजही गुन्हा आहे; तो कायदा अन्न व औषध प्रशासनाने विजयेच्या ऑनलाइन जाहिरातींना लावावा. प्रत्येक बॅचमधले सीबीडी आणि टीएचसी मिलिग्रॅममध्ये, स्वतंत्र प्रयोगशाळेच्या अहवालासह, वेष्टनावर यावे. 'वैद्यकीय देखरेख' म्हणजे ऑनलाइन अर्जातल्या चार प्रश्नांची उत्तरे नव्हेत, हे नियमात स्पष्ट व्हावे, आणि वैद्याने रुग्णाची चालू औषधे विचारून ती नोंदवणे सक्तीचे असावे. परवान्याच्या नूतनीकरणाला तुलनात्मक चाचणीची अट घालावी, आणि लहान उत्पादकांना ती एकट्याने परवडत नसेल तर त्यांनी मिळून, सरकारी निधीच्या जोडीने, एक प्रमाणित अर्क ठरवून ती करावी. सुरुवात अंगठ्याच्या सांध्यापासून व्हावी: हाताच्या झिजेचे दोनशे-तीनशे रुग्ण, निम्म्यांना अर्काचा लेप आणि निम्म्यांना तसाच दिसणारा, तसाच वास येणारा साधा लेप, १२ आठवडे, आणि दर भेटीला वेदनेची नोंद, चिमटीच्या पकडीचे माप व यकृताची तपासणी. निकाल अनुकूल आला तर त्या लेपाची किंमत सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बाईला परवडेल अशी ठरवावी, आणि प्रतिकूल आला तर वेष्टनावरून सांधेदुखीचा उल्लेख काढून टाकावा.